शिरगणती

मी दुकानाला कुलूप लावलं आणि माझी बायको आमदाराच्या मागे लागली. दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यातल्या. उभी हयात मी पोर्ट ड्रेवरमध्ये मटण विकलं. वाटलं होतं, आता सकाळी धक्क्यावर गळ टाकून बसावं, दुपारी डुलकी काढावी आणि संध्याकाळी वाल्डाशी भांडावं. पण तिला दुकानाची रिकामी काच बघवेना. जिथं मी चॉप आणि सॉसेजचे ट्रे मांडायचो तिथं तिनं एक पांढरा फळा आणून उभा केला. त्यावर तीन रकाने आखले: काय बोलला, मत कुठं दिलं, आणि शेवटी हिरवी बरोबरची खूण नाहीतर लाल फुली. लाल मार्कर माझाच, मटणाचे भाव लिहायचा. विचारलंसुद्धा नाही बाईनं.

बोलणारा म्हणजे नेव्हिल रॉडा, आमचा आमदार. अपक्ष. आधी मेंढ्या कातरणाऱ्यांच्या टोळीचा मुकादम होता. मनानं चांगला, फक्त समोर जो उभा असेल त्याच्याच मताचा. पबमध्ये कोळ्यांनी त्याला घेरलं तेव्हा ठोकून दिलं की जाळी फाडणाऱ्या त्या सील प्राण्यांना गोळ्या घातल्या पाहिजेत. कोळ्यांनी टेबलं बडवली. पुढच्याच महिन्यात हा पठ्ठ्या विधानसभेत सीलना संरक्षण देणाऱ्या विधेयकाच्या बाजूला जाऊन बसला. पहिली लाल फुली त्या दिवशी पडली, आणि फुटबॉलचा सामना सुटल्यावर अख्खं गाव काचेसमोर उभं राहून ती बघत होतं.

नेव्ह धावत आला. "अगं वाल्डा, ते मी दोन बियर पोटात गेल्यावर बोललो होतो."

"मग मतही दोन बियर घेऊनच द्यायचंस."

"परिस्थिती बदलली की माणसाचं मत बदलतं ना?"

"परिस्थिती कुठं बदलली, नेव्ह? टेबल बदललं फक्त."

"क्लेम, तू तरी सांग हिला काहीतरी."

"मी माझ्या मार्करबद्दल सांगून बघितलं," मी म्हणालो. "ऐकत नाही."

त्या दिवसापासून नेव्ह जपून बोलायला लागला. इतका जपून, की धक्क्यावर कुणी विचारलं, 'काय रे, उद्या वारा पडेल का?' तर म्हणायचा, "यावर मी अजून भूमिका जाहीर केलेली नाही." बोलायचा ते मोजून, आणि बोलला की तसंच मत द्यायचा. हिरव्या खुणा वाढत गेल्या. शहरातल्या पेपरवाल्यांनी येऊन फळ्याचा फोटो काढला, शेजारी वाल्डा हाताची घडी घालून उभी. मी पण उभा होतो, पण मला कापलं त्यांनी. खाटकाला कापलं, असं म्हणून पबमध्ये महिनाभर माझी टिंगल चालली होती.

एक गोष्ट मात्र वाल्डाला सलत होती. मधला रकाना बऱ्याचदा रिकामाच राहायचा. कारण विधानसभेत बहुतेक कामं आवाजी मतदानावर उरकतात. अध्यक्ष विचारतात, बाजूचे 'हो' म्हणतात, विरोधातले 'नाही' म्हणतात, अध्यक्ष कान देऊन ऐकल्यासारखं करतात आणि म्हणतात, मंजूर. कोण हो म्हणालं, कोण नाही, कुठंही नोंद नाही. वाल्डाला हे कळलं तेव्हा तिनं हातातला चहाचा मग असा आदळला की माझं सॉसेज डिशमधून उडालं.

"बिननावाचं मत? ही चोरी आहे, क्लेम. दिवसाढवळ्या."

"मग आता काय, विधानसभेत पण फळा लावतेस?"

फळा नाही, पण त्याच्या खालोखाल केलंच तिनं. आमच्या विधानसभेत एका जरी आमदारानं उठून 'शिरगणती' म्हटलं की घंटा वाजते, जो जिथं असेल तिथून धावत येतो, दारं बंद होतात. बाजूचे अध्यक्षांच्या उजवीकडे जाऊन बसतात, विरोधातले डावीकडे, आणि एकेकाचं नाव लिहून घेतात. वाल्डानं नेव्हकडून गावच्या भर सभेत वदवून घेतलं की प्रत्येक विधेयकाला तो शिरगणती मागेल. त्यानं मागितली. रस्त्यांच्या विधेयकाला मागितली, द्राक्षांच्या किडीच्या विधेयकाला मागितली, राज्याचा अधिकृत किडा कोणता यावरसुद्धा मागितली. बाकीचे आमदार चहा आणि स्कोन अर्धवट टाकून पळत यायचे आणि येता येता त्याला शिव्या घालायचे. त्याच्या नावावर एवढंच एक मोठं काम आहे, पण ते त्यानं चोख केलं.

वाल्डा शहरात गेली की प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसायची, नेहमीची जागा, पहिल्या रांगेत, खांबाजवळ. नेव्ह वर बघायचा, ती दिसली की ताठ व्हायचा आणि खणखणीत आवाजात मागायचा, "अध्यक्षमहोदय, शिरगणती." शाळेत तपासणीला साहेब आला की मुलं करतात ना, तसंच. मला हसू यायचं. वाल्डा मात्र गंभीर.

आणि मग माझ्या किडन्या गेल्या.

हळूहळू जातात म्हणे, पण मला त्या एकदमच गेल्यासारख्या वाटल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार आखाताच्या टोकाच्या मोठ्या गावात जाऊन मशीनला बांधून घ्यायचं. अंधारात निघायचं, वाल्डा स्टिअरिंगवर वाकून गाडी चालवणार, मी रस्त्यावर कांगारू आडवा येतो का बघत बसणार. परत येताना माझ्यात त्राण नसायचं आणि तिच्यात माझ्यापेक्षा कमी. एकदा ती डुलकली आणि गाडी मिठागराच्या कुंपणात शिरली. दोघांनाही काही झालं नाही, पण माझ्या किडनीच्या डॉक्टर फाम बाईंच्या कानावर गेलं. लहान चणीची बाई, बोलायला मात्र विळा.

"क्लेम, असं चाललं तर तुम्हाला किडनी नाही, रस्ता मारणार," त्या म्हणाल्या. "शहरात रुग्णालयाजवळ खोली घ्या आणि कायमचे राहायला या. नाहीतर ड्रेवरला मशीन आणा. तिसरा मार्ग माझ्याकडे नाही."

शहरात खोली. मी असा माणूस, की शहरात दुसऱ्या दिवशी माझं डोकं उठतं. ड्रेवरमध्ये मी सकाळी दार उघडलं की शेवाळाचा वास येतो, धक्क्यावरचे म्हातारे मला नावानं शिव्या घालतात, कुत्र्यालासुद्धा मी कोण ते माहीत आहे. तिकडं खिडकीतून दिसणार काय, तर समोरच्याची खिडकी. मला ड्रेवरमध्येच मरायचं होतं, आणि तेही सावकाश. दुसरं काही मागणं नव्हतं माझं.

तेवढ्यात सरकारनं ते विधेयक आणलं. लहान गावांच्या रुग्णालयांची स्थानिक मंडळं बरखास्त करायची आणि सगळा कारभार शहरातल्या एका कचेरीतून चालवायचा. हे गिळायला सोपं जावं म्हणून वर साखर लावलेली: चार लहान गावांना डायलिसिसची मशीन. चारांत ड्रेवर होतं. साखर चाटून कडू गोळी परत द्यायची सोय नव्हती, सगळं एकाच विधेयकात.

आता गंमत बघा. फळ्याच्या अगदी वर, वाल्डाच्या सगळ्यात ठळक अक्षरात, नेव्हचं निवडणुकीतलं वाक्य होतं: 'ड्रेवरच्या रुग्णालयाचं मंडळ मोडू देणार नाही. जीव गेला तरी नाही.' ते वाक्य त्याच्याकडून वदवून घेतलं होतं वाल्डानंच, गावच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत. तेव्हा मी ठणठणीत होतो आणि सगळ्यात जोरात टाळ्या मीच वाजवल्या होत्या. सरकारला बहुमताला एक मत कमी पडत होतं. ते एक मत म्हणजे नेव्ह.

वाल्डानं त्याला चहाला बोलावलं. लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेटात बुडवलेले केक, केले होते, तेव्हा काम मोठं होतं. मला चॉकलेट बंद, म्हणून मी नुसता बघत होतो.

"नेव्ह," ती म्हणाली, "त्या विधेयकाला हो म्हण."

त्यानं कप खाली ठेवला. "हे कोण बोलतंय?"

"मी बोलतेय."

"कुठली तू? काचेतली का ओट्याजवळची?"

"फाजीलपणा करू नकोस. क्लेमकडे बघ जरा."

त्यानं बघितलं. मी पोट आत घेऊन बरा दिसायचा प्रयत्न केला, जुनी सवय. नेव्हचा चेहरा पडला. त्याचा बाप आणि मी एका संघात खेळलेलो, मला तो लहानपणी क्लेमकाका म्हणायचा.

"मी फळा पुसते," वाल्डा म्हणाली. "आत्ता जाऊन पुसते."

"पुसून काय होतंय? पेपरात आलाय तो. लोकांच्या फोनमध्ये फोटो आहेत. वाल्डा, मी आयुष्यभर टेबल बघून बोललो. तुझ्या फळ्यामुळं माझ्या तोंडचं एक वाक्य तरी खरं ठरलं. लोकांनी मला त्या एका वाक्यावर निवडून दिलं. मी नाव लिहून देऊन उलटं मत दिलं ना, तर हे गाव मला पबमध्ये उभं करणार नाही. आणि खरं सांगू, मीच मला उभं करणार नाही."

"परिस्थिती बदलली, नेव्ह."

त्यानं टेबलावर बोटानं टकटक केलं. बोलायची गरजही नव्हती, तिला तिचंच उत्तर आठवलं असणार. ती उठली आणि धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली. मला वाटलं, संपलं. मी एक लॅमिंग्टन उचलला आणि कुणी अडवलं नाही, यावरून काय ते समजलो.

पण आठवड्याभरानं नेव्ह मागच्या दारानं आला. पुढून आला असता तर फळा लागला असता.

"एक वाट आहे," तो म्हणाला. "आवाजी."

वाल्डा खुर्चीत बसली.

नेव्हनं सांगितलं ते असं. विरोधी पक्षानं विधेयकाविरुद्ध रान उठवलं होतं, पण मशीन मिळणार असलेल्या गावांपैकी दोन गावं त्यांच्याच आमदारांची. त्यांना पण मशीन हवं होतं, फक्त हो म्हटलेलं दिसायला नको होतं. तेव्हा आतल्या आत ठरलं होतं. सरकारवाले मोठ्यानं हो म्हणतील, विरोधक पुटपुटत नाही म्हणतील, अध्यक्ष मंजूर म्हणतील, आणि कुणीही शिरगणती मागणार नाही. सगळ्यांची अडचण एकच होती. नेव्ह.

"माझ्याकडे चौघं येऊन गेले," तो म्हणाला. "म्हणतात, बाबा, त्या दिवशी एवढं तोंड शिवून बस. पण मी गावाला शब्द दिलाय, प्रत्येक विधेयकाला मागीन म्हणून. तो शब्द तुझ्यासाठी दिलाय. तू सोडलंस तरच गप्प बसतो."

"त्या वेळी बाहेर जा ना. संडासात जाऊन बस," मी म्हणालो.

"गैरहजेरीला लाल फुली असते, क्लेम. नियम तुझ्या बायकोचाच. आणि मी कधी गैरहजर नसतो, मग पेपरवाले विचारणार, आजच का? आत बसून गप्प राहिलेल्या माणसाकडं कुणी बघत नाही."

वाल्डानं त्याला मागच्याच दारानं परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. मिठागरापाशी आलो तेव्हा ती म्हणाली, "बिननावाचं मत म्हणजे चोरी, असं मी किती वेळा म्हटलंय रे?"

"उठता बसता."

"मग?"

"मग चोरी कर," मी म्हणालो. "माझ्यासाठी कर. मला त्या शहरात जायचं नाही, वाल्डा. मला भीती वाटते तिथं."

तिनं मान डोलावली आणि गिअर बदलला. तेवढंच. आमच्या सगळ्या संसारात तिनं माझ्यासाठी याहून मोठं काही केलं नव्हतं, आणि मी आभार मानायचे सोडून बाहेर मीठ बघत बसलो, कारण डोळे भरून आले होते आणि ते तिला दाखवायचे नव्हते.

मतदान पुढच्या आठवड्यात गुरुवारी दुपारी होतं. शहरात डॉक्टर फाम बाईंची तपासणीही त्याच दिवशी निघाली, म्हणून आम्ही आदल्या दिवशी मशीनवरून सुटल्यावर परस्पर तिकडंच गेलो. मी म्हणत होतो, आपण खानावळीत बसून टीव्हीवर बघू, पाय वर करून. वाल्डा म्हणाली, छे, तो आपल्यासाठी एवढं करतोय, आपण तिथं असायला हवं. त्याला एकटं वाटायला नको. शिवाय तिला ते 'मंजूर' स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. तिनं निळा कोट घातला, केस करून घेतले. मी लिफ्टनं गेलो, ती जिन्यानं, आणि तिच्या नेहमीच्या जागी जाऊन बसलो.

खाली कामकाज असं चाललं होतं, की सगळ्यांना झोप आलीय असं वाटावं. मुद्दामच. मंत्रीबाई विधेयकावर बोलल्या त्या अशा, की आपण काय बोलतोय ते कुणाला कळू नये. विरोधी नेता उठून दोन वाक्यं बोलला आणि घड्याळ बघत बसला. पत्रकारांच्या कठड्यात एकच नवखी पोरगी होती, आणि तीसुद्धा सँडविच खात होती. नेव्ह मागच्या बाकावर मांडीत हात घालून बसला होता, दातदुखी असल्यासारखा. मी मनात म्हटलं, शाब्बास, असाच बस.

अध्यक्षांनी विचारलं. एका बाजूनं "हो" असा मोठा आवाज आला, दुसऱ्या बाजूनं "नाही" असं काहीतरी घशातल्या घशात. अध्यक्ष म्हणाले, "मला वाटतं, होकाराची बाजू जास्त आहे." मग ते थांबले. थांबावंच लागतं, श्वासभर, कुणी काही मागतंय का बघायला. वाल्डानं माझा हात धरला.

नेव्हनं वर बघितलं.

आभार मानायला बघितलं असेल, किंवा सहज. वर खांबाजवळ, पहिल्या रांगेत, निळ्या कोटात वाल्डा बसलेली. त्याची पाठ ताठ झाली. मला ते दिसलं. तो उठून उभा राहिला आणि त्या एवढ्या शांत सभागृहात खणखणीत आवाजात म्हणाला, "अध्यक्षमहोदय, शिरगणती."

घंटा वाजायला लागली. पत्रकार पोरीनं सँडविच टाकलं. नेव्ह स्वतःच्याच आवाजाकडं बघत असल्यासारखा उभा होता, तोंड उघडं. मग त्याला कळलं, आणि त्यानं हात हलवून विचारलं, "अध्यक्षमहोदय, मागे घेता येईल?" अध्यक्ष म्हणाले, कुणाचीच हरकत नसेल तर घेता येईल. आणि विरोधी बाकांवरून एकजण हरकत म्हणाला. त्याचाही इलाज नव्हता. पोरगी लिहीत होती. आता उघडपणे कोण म्हणणार, की आमची नावं लिहू नका?

दारं बंद झाली. माणसं उठून आपापल्या बाजूला गेली, उजवीकडं सरकार, डावीकडं विरोधक. ती मशीन हवी असलेली दोघंही खाली मान घालून डावीकडंच गेली. मधल्या मोकळ्या जागेत नेव्ह एकटा राहिला.

त्यानं पुन्हा वर बघितलं. या खेपेला सवयीनं नाही. सरळ आमच्याकडं, आधी वाल्डाकडं, मग माझ्याकडं. विचारत होता तो. मला त्याचा चेहरा इतका स्पष्ट दिसत होता, लहानपणी दुकानात येऊन सॉसेजचा तुकडा मागायचा तसा. एक बोट उजवीकडं केलं असतं तरी पुरलं असतं. गेला असता तो. अजूनही मला खात्री आहे की गेला असता.

वाल्डाची आवळलेली मूठ मांडीवर होती. तिचे ओठ हलत होते. हात हलला नाही. आजूबाजूला माणसं होती, त्यातली निम्मी तिला पेपरातल्या फोटोवरून ओळखणारी, आणि ती सगळी आता खालचं सोडून तिच्याकडं बघत होती.

आणि मी? जीव माझा, मशीन माझं, घर माझं. मी पण बसून राहिलो. मला वाटलं, एवढ्या लोकांदेखत एका माणसाला शब्द मोडायला कसं सांगायचं? स्वयंपाकघरात सांगता येत होतं. गाडीत सांगता येत होतं. मी समोरच्या कठड्याचं पितळ बघत राहिलो. लख्ख घासलेलं होतं.

नेव्ह डावीकडं गेला.

विधेयक एका मतानं पडलं. नावं वाचून दाखवली, रॉडा, नेव्हिल, नाही.

बाहेर व्हरांड्यात गर्दी होती. ज्या आमदारांनी त्याला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या ते आता नेव्हची पाठ थोपटत होते. असा माणूस राहिला नाही आता, एक म्हणत होता. दुसरा म्हणाला, सरकार विकत घ्यायला गेलं, पण बघा. नेव्ह सगळ्यांना बाजूला सारून आमच्यापर्यंत आला. त्याचे डोळे लाल झाले होते.

"क्लेमकाका," तो म्हणाला, "एक बोट."

"ठाऊक आहे मला."

"एक बोट उचललं असतंत कुणी तरी."

"ठाऊक आहे म्हटलं ना, नेव्ह. जा तू आता."

मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते कळेना. त्याच्यावर काढावा, तर तो बोलला तसाच वागला होता. वाल्डावर काढावा, तर ती भिंतीला टेकून उभी होती आणि तिचं वय मला पहिल्यांदाच दिसत होतं. मी तिचा कोट सारखा केला. ती म्हणाली, "मला नाही उचलता आला रे हात." मी म्हटलं, "मला तरी कुठं आला?" मग आम्ही तिथंच वाटेत उभे राहिलो, लोक आम्हाला वळसा घालून जात होते.

ती पत्रकार पोरगी आली. फोन पुढं धरलेला, चेहरा खुललेला.

"तुम्ही ड्रेवरच्या ना? नेव्हिल रॉडांच्या मतदारसंघातल्या? त्यांनी शेवटपर्यंत शब्द पाळला. तिथल्या मतदारांना काय वाटतं, एक वाक्य सांगाल?"

वाल्डानं माझ्याकडं बघितलं. मग त्या पोरीकडं. मला वाटलं, आता फळ्यावरचंच काहीतरी सांगेल, बोलला तसा वागला वगैरे. पण ती म्हणाली, "आम्हाला ते विधेयक हवं होतं. माझ्या नवऱ्यासाठी हवं होतं. त्यानं हो म्हणायला हवं होतं."

पोरगी चपापली. मग तिचे डोळे चमकले, आपल्याला बातमी मिळाली हे तिला कळलं. "हे छापते मी. नाव काय लिहू तुमचं?"

वाल्डानं पर्स उघडली, रुमाल शोधला, पर्स मिटली. व्हरांड्यातून डॉक्टर फाम बाईंनी सांगितलेल्या खोलीकडं जायचा रस्ता दिसत होता, ट्रामचे रूळ आणि पलीकडं खिडक्याच खिडक्या.

"नाव नको लिहूस," ती म्हणाली.